रेघ तिची, रंग तिचा, मग नाव कुठे गेलं?



"त्यात काय एवढं? मोबाईलनेच तर रंगवलंय!"

हे वाक्य मी वर्षभरात पेणमध्ये ऐकलं, रोह्याला माहेरी गेले तिथे ऐकलं, आणि एका लग्नात पंगतीला बसल्यावर शेजारच्या मासींकडूनही ऐकलं. कुणाच्या मुलीने सिद्धचक्र काढलेलं असतं, कुणाच्या सुनेने अष्टमंगल, कुणी नंद्यावर्त. आधी कागदावर पेन्सिल, पट्टी आणि कंपास घेऊन, मग त्याचा फोटो काढून फोनवर रंग भरून. चित्र सगळ्यांना आवडतं. ग्रुपवर पंचवीस जणी हात जोडतात. आणि काही दिवसांनी तेच चित्र कुणाच्या वर्षीतपाच्या पारण्याच्या पत्रिकेवर, तपस्येच्या बॅनरवर, नाहीतर प्रभावनेच्या पिशवीवर छापून येतं. कोपऱ्यातली सही कापलेली असते. विचारायला जावं तर उत्तर तयार: मोबाईलने केलंय, त्यात तिचं काय?

आज मला या वाक्याशीच भांडायचं आहे. माझं म्हणणं असं की हाताने रेखाटून फोनवर रंगवलेलं चित्र ते काढणाऱ्या बाईचंच असतं. तिला न विचारता ते उचलणं याला आपल्याकडे फार जुना शब्द आहे. तो शब्द अदत्तादान.

आधी फोन नेमकं काय करतो ते बघू, कारण बहुतेकींनी हे काम जवळून पाहिलेलं नसतं.

समजा एखादीला अढाई द्वीपाचा पट काढायचा आहे. मधलं जंबूद्वीप १ लाख योजन. त्याच्याभोवती लवण समुद्र २ लाख, मग धातकीखंड ४ लाख, कालोदधी समुद्र ८ लाख, आणि पुष्करवर द्वीपाचा अर्धा भाग ८ लाख. दोन्ही बाजू धरल्या की या टोकापासून त्या टोकापर्यंत ४५ लाख योजन. पाठशाळेत हे आपण सगळ्यांनी घोकलं आहे. आता हे ए-फोर कागदावर बसवा. कागदाची रुंदी २१ सेंटिमीटर. जंबूद्वीप १ सेंटिमीटरचं धरलं तर पट ४५ सेंटिमीटरचा होतो, कागद अर्धाही पुरत नाही. म्हणून जंबूद्वीप ४ मिलिमीटरचं धरायचं, म्हणजे पूर्ण पट १८ सेंटिमीटरमध्ये बसतो. मग कंपासमध्ये २, १०, २६, ५८ आणि ९० मिलिमीटर अंतर घेऊन एकाच मध्यातून पाच वर्तुळं. सगळ्यात आतलं वर्तुळ काढताना कंपासचं टोक कागद फाडतं, ते एक पुन्हा पुन्हा काढावं लागतं. यातलं कुठलंही गणित फोनने केलेलं नाही.

पेन्सिलवर काळ्या बारीक पेनने गिरवायचं, शाई वाळू द्यायची, मग खोडरबर फिरवायचं. फोटो खिडकीजवळ दिवसा काढायचा, आणि फोन कागदाला अगदी समांतर धरायचा. थोडा जरी कलला तरी वर्तुळाचं अंडं होतं. ॲपमध्ये आणल्यावर कागदाचा पिवळटपणा घालवून रेघा वेगळ्या करायच्या. रेघांचा थर वर, रंगाचा थर खाली, म्हणजे रंग रेघेवर चढत नाही. त्यानंतर बादलीचं चिन्ह दाबून एकेका खणात रंग ओतायचा. इथे गंमत अशी की रेघ कुठे अर्धा मिलिमीटर जरी तुटलेली असेल तरी तिथून रंग गळतो आणि अख्खं पान लाल होऊन जातं. मग चित्र बोटाने मोठं करून ती फट शोधायची, बुजवायची, पुन्हा ओतायचं. पाकळ्या आणि वेलबुट्टी असलेल्या चित्रात अशा फटी ढिगाने निघतात. संध्याकाळची भांडी आवरून, मुलांना झोपवून बसलेली बाई हे करते तेव्हा रात्रीचे बारा वाजतात. त्याला आपण म्हणतो, मोबाईलने रंगवलं.

रंग कुठला द्यायचा हेही फोनला कळत नाही. सिद्धचक्र घ्या. मध्ये अरिहंत, भोवती आठ पाकळ्या, मिळून नऊ पदं. अरिहंत पांढरे, सिद्ध लाल, आचार्य पिवळे, उपाध्याय हिरवे, साधू काळे, आणि दर्शन, ज्ञान, चारित्र, तप ही चारही पांढरी. आपल्याला हे कुणी चित्रकलेच्या वर्गात शिकवलेलं नाही. आपण हे स्वयंपाकघरात शिकलो. चैत्रात आणि आश्विनात नवपदाची ओळी येते. एकाच धान्याचं आयंबिल करणारीकडे पहिल्या दिवशी तांदूळ, दुसऱ्या दिवशी गहू, तिसऱ्या दिवशी चणे, चौथ्या दिवशी मूग, पाचव्या दिवशी उडीद, आणि पुढचे चार दिवस पुन्हा तांदूळ. ज्या मुलीने चौथ्या दिवशी तूप, तेल, मिरचीशिवायचे उकडलेले मूग गिळले आहेत, तिला उपाध्यायांची पाकळी हिरवी असते हे कुणी सांगावं लागत नाही. फोनच्या पडद्यावर लाखो रंग असतात. त्यातला मुगाचा हिरवा कुठला आणि चण्याचा पिवळा कुठला, हे बोट तिचं ठरवतं.

आता आपल्या गावांकडे बघा. पेणच्या गणपतींचं नाव देशात आणि परदेशात आहे. पेण शहरात, हमरापूरला, जोह्याला कारखान्यांमधून वर्षभर मूर्ती तयार होत असतात. त्या साच्यातून निघतात, हे इथल्या लहान मुलालाही माहीत आहे. अंगाचा रंग स्प्रे गनने मारतात, हेही माहीत आहे. पण पेणमध्ये कुणी असं म्हणताना ऐकलंय का, की साच्याने गणपती केला, कॉम्प्रेसरने रंगवला, कारागिराचं काय? उलट डोळ्यांची आखणी कुणी केली हे लोक विचारतात. आखणीचा हात चांगला असेल तर त्या कारागिराला मान असतो आणि पैसेही असतात. साचा आणि यंत्र मदतीला असलं म्हणून माणसाची कला नाहीशी होत नाही, हे पेणकरांना वेगळं शिकवायला नको. मग तीच गोष्ट घरातल्या बाईच्या चित्राबद्दल आपण का विसरतो?

रोह्याचंही तसंच. धाटावच्या एमआयडीसीत रंगद्रव्यांचे कारखाने आहेत, सुदर्शन केमिकलचा त्यातलाच. तिथली रंगद्रव्यं कुठल्या कुठे जातात, शाईत जातात, भिंतीच्या रंगात जातात. म्हणून त्या शाईने छापलेली चित्रं धाटावने काढली असं कुणी म्हणत नाही. रंग कुठून आला आणि चित्र कुणी काढलं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. रंग डबीतून आला काय, किंवा फोनमधून आला काय.

यावर ज्या चार गोष्टी मला नेहमी ऐकवल्या जातात, त्यांना एकेक करून उत्तर देते.

पहिली गोष्ट: "स्वस्तिक, सिद्धचक्र, अष्टमंगल ही परंपरेची. त्यावर कुणा एकीचा हक्क कसा?" बरोबर. स्वस्तिक कुणा एकीचं नाही. देरासरात आपण तांदळाचा साथिया काढतो, चार गतींचे चार पाय, वर ज्ञान-दर्शन-चारित्राच्या तीन ढगल्या, त्यावर सिद्धशिला, तो सगळ्यांचाच आहे. पण खाखराही सगळ्यांचाच आहे ना? खाखऱ्याची रीत कुणाच्या मालकीची नाही. म्हणून शेजारच्या भाभींनी लाटून, तव्यावर दाबून, कुरकुरीत करून डब्यात भरलेले खाखरे आपण न विचारता उचलून आपल्या पाहुण्यांना वाढत नाही. रीत सगळ्यांची, डबा भाभींचा. आकृती सगळ्यांची, हे रेखाटन हिचं.

देशाचा कायदाही हेच सांगतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात रेखाटन हे कलाकृतीत धरलं आहे, आणि त्यात कलात्मक गुण असो वा नसो, असं स्पष्ट म्हटलं आहे. म्हणजे "एवढं काही भारी नाही ते" ही सबबही चालत नाही. हक्क मिळण्यासाठी नोंदणी करावी लागत नाही. हयातीत तर तो असतोच, नंतरही ६० वर्षं राहतो. आणि कलम ५७ प्रमाणे, चित्राचा हक्क विकून टाकला तरी ते आपण काढलं आहे हे सांगण्याचा अधिकार काढणाऱ्याकडेच राहतो.

दुसरी गोष्ट: "तिने स्वतःच ग्रुपवर टाकलं होतं, म्हणजे दिलंच ना?" नाही. बघायला दिलं होतं. दुकानात साडी उलगडून दाखवली म्हणजे घेऊन जा असं होत नाही, हे दुकानदारांच्या घरात राहणाऱ्या आपल्याला कुणी समजावून सांगायचं? श्रावकाचं तिसरं अणुव्रत स्थूल अदत्तादान विरमण. मालकाने न दिलेलं घेऊ नये, इतका त्याचा सरळ अर्थ. त्याच्या अतिचारांत खोटी वजनं-मापं आहेत, आणि चोरीचा माल घेणंही आहे. वजनकाटा बरोबर आहे ना हे आपण दहा वेळा बघतो. मग पत्रिका छापून घेताना "हे चित्र कुठून आणलं?" एवढं एकदा विचारायला काय जातं? छापणाऱ्याने सही कापून दिलेलं चित्र आपण पैसे मोजून घेतो, तेव्हा आपण कुठे उभ्या असतो याचा विचार प्रतिक्रमणाला बसल्यावर प्रत्येकीने करावा.

तिसरी गोष्ट सगळ्यात गोड बोलून सांगितली जाते, आणि म्हणून मला तिचा सगळ्यात जास्त राग येतो. "अगं, ही तर भक्ती आहे. भक्तीत नावाचा मोह कशाला? मान हा कषाय आहे." वा! चढावा बोलला की नाव माईकवरून तीनदा पुकारलं जातं. दान दिलं की संगमरवरावर नाव कोरलं जातं, आई-वडिलांसकट, गावासकट. त्याला आपण अनुमोदना म्हणतो, आणि ते चुकीचं आहे असं मी म्हणत नाही. चांगल्या कामाची अनुमोदना करायची तर ते कुणी केलं हे कळायला हवंच. पण मग लाख रुपयांच्या नावाने अनुमोदना होते आणि आठ रात्रींच्या कामाच्या नावाने कषाय होतो, हा हिशोब कुठल्या वहीतला? एखादीला स्वतःलाच नाव नको असेल तर तिला वंदन. पण ते तिने सांगायचं. गुप्तदान देणारा ठरवतो, घेणारा नाही.

चौथी गोष्ट: "नाव गेलं तर काय बिघडलं?" काय बिघडतं ते सांगते. मागच्या चातुर्मासात आमच्या ओळखीतल्या नववीतल्या एका मुलीचं सिद्धचक्र एका पत्रिकेवर आलं. तिला विचारलं नव्हतं. पत्रिकेचा कागद जांभळा होता, त्याला शोभावं म्हणून कुणीतरी उपाध्यायांची हिरवी पाकळी जांभळी करून टाकली. पत्रिका वाटली गेली. दोन आजींच्या लक्षात आलं. सही कापली होती, पण चित्र कुणाचं हे गावात माहीत होतं. कौतुक होत होतं तेव्हा तिचं नाव कुणी घेतलं नाही. चूक निघाली तेव्हा मात्र सगळ्यांना तिचंच नाव आठवलं. "आजकालच्या मुली, मोबाईलवर काहीही करतात." तिने तेव्हापासून वही उघडलेली नाही. छापणाऱ्याला पैसे मिळाले, कागदवाल्याला मिळाले, पत्रिकेवर नाव कमीत कमी वीस जणांचं होतं. काढणारीच्या वाट्याला फक्त बोल.

विचारलं असतं तर तिने पाकळी बदलू दिली नसती. विचारण्याचा हाही एक उपयोग असतो. फ्लेक्सचंच बघा. पवित्र चित्र रस्त्यावरच्या फ्लेक्सवर जातं, कार्यक्रम संपतो, फ्लेक्स उतरतो आणि पावसाळ्यात कुणाच्या तरी पडवीवर ताडपत्री म्हणून बांधला जातो. जमिनीवर चिकटवायचे छापील रांगोळीचे स्टिकर निघालेत, त्यावर तर सरळ पाय पडतात. आशातनेचा विचार काढणारीने काढतानाच केलेला असतो. "पत्रिकेला चालेल, फ्लेक्सला नको" असं म्हणायचा तिला हक्क आहे. पण तो वापरायला तिला कुणीतरी विचारायला तर हवं.

हे आपल्याच घरात घडतं असं नाही. आपल्या उत्तरेला डहाणू-तलासरीकडे वारली लग्नघरात भिंतीवर चौक काढतात. चौकोन, त्रिकोण, वर्तुळ, तांदळाच्या पिठाने. तो काढण्याचा मान सुवासिनींचा. १९७० च्या दशकात ही कला कागदावर आली, जिव्या सोमा म्हसे यांनी ती जगभर नेली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तो मान त्यांच्या हाताचा होता, त्यात वादच नाही. आज तीच माणसं आणि तेच त्रिकोण कुर्त्यांवर, कपांवर, मोबाईलच्या कव्हरवर छापून मिळतात. पण पिढ्यानपिढ्या भिंतीवर चौक काढणाऱ्या त्या सुवासिनींपैकी एकीचं तरी नाव तुम्हाला सांगता येईल का? मलाही येत नाही. लिहिलं नाही की असं होतं.

आणि "संगणकापुढे बायकांच्या रांगोळीचं काय?" म्हणणाऱ्यांना एक गोष्ट ऐकवा. १९७४ मध्ये गिफ्ट सिरोमनी, राणी सिरोमनी आणि कमला कृतिवासन या तिघांनी तमिळ घरांपुढच्या कोलमवर, म्हणजे तिकडच्या ठिपक्यांच्या रांगोळीवर, संगणकशास्त्राचा शोधनिबंध लिहिला. ठिपके मांडून रेघ फिरवायचे बायकांचे नियम संगणकाच्या भाषेत कसे बसतात, हा त्याचा विषय. उंबरठ्यावरची बाई आधी शिकली होती, यंत्र मागून शिकलं.

एक गोष्ट मात्र माझ्या बाजूच्या बहिणींनाही सांगायला हवी. मी ज्या चित्राची बाजू घेते आहे ते हाताने रेखाटलेलं आहे. फोनला दोन ओळी सांगून आयतं चित्र मागवायचं आणि खाली आपलं नाव टाकायचं, त्याची वकिली मी करणार नाही. तशा चित्रात पाकळ्या आठच्या नऊ झाल्या तरी यंत्राला फरक पडत नाही, आणि मोजल्या नाहीत तर आपल्यालाही कळत नाही. शिवाय देरासरातली तांदळाची गहुली ती गहुलीच. अक्षता बोटातून सोडताना मन जिथे जातं तिथे पडदा नेत नाही. फोनवरचं चित्र तिच्या जागी आणा असं कुणी म्हणत नाही. ते वेगळं काम आहे, आणि वेगळं काम म्हणून त्याचा मान त्याला द्या.

तर आता करायचं काय? काढणाऱ्या मुलींनो, सही कोपऱ्यात करू नका, तिथून ती कापायला सोपी जाते. नक्षीच्या आत, एखाद्या वेलीच्या वळणात करा. पवित्र चिन्हाच्या आत नको, बाहेरच्या किनारीत. मूळ कागद टाकू नका, मागे तारीख घालून फाईलमध्ये ठेवा. ग्रुपवर लहान आकाराचं चित्र टाका. छापायला लागणारं मोठं चित्र, ए-फोरसाठी २४८० बाय ३५०८ पिक्सेलचं, स्वतःकडे ठेवा आणि विचारायला येईल त्यालाच द्या.

मंडळातल्या बेन आणि भाभी, तुमच्या हातात तर याहून जास्त आहे. पत्रिकेचा मसुदा तुमच्यासमोर येतो. निमंत्रकांच्या वीस नावांखाली एकविसावी ओळ घाला: रेखाटन आणि रंग, आणि पुढे तिचं नाव. बजेटमध्ये जिथे छपाई लिहिता तिथे चित्राचेही पैसे लिहा. तिने नको म्हटलं तर तो तिचा मोठेपणा, पण आधी देऊ करा. रंग बदलायचा असेल तर तिला फोन करा. आणि चित्र कुठून आलं हे छापणारा सांगू शकत नसेल, तर ते चित्र घेऊ नका, दुसरं काढून घ्या. पेण आणि रोहा मिळून काढणाऱ्या मुलींची कमी नाही.

पुढच्या ओळीच्या पत्रिका आता छापायला जातील. तुमच्या मंडळाची जाण्याआधी एकदा बघा, चित्राखाली नाव आहे का. नसेल तर थांबवा.

जय जिनेंद्र.